कड्याचे कूलर मेकॅनिक: एका बल्बपायी दोन तास

आष्टी तालुक्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे, हजार लिटरचा बल्क कूलर. मे महिन्यात एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे थंड करणारा गॅस मोजून सोडणारा व्हॉल्व्ह, गेला. एका मेकॅनिकनं नवीन बसवला, तासाभरात उरकून गेला. आठ दिवसांत सक्शनची नळी, म्हणजे कॉम्प्रेसरकडं गॅस परत नेणारी नळी, पार कॉम्प्रेसरपर्यंत बर्फानं पांढरी, कॉम्प्रेसरची खडखड, आणि तीन तासांत चार अंशाला येणारं दूध पाच तासांनीही आठच्या खाली येईना. टँकरवाल्यानं दोनदा दूध परत केलं. पहाटे चारला उठून धारा काढणाऱ्या बायकांना मी काय सांगायचं? त्या मेकॅनिकचं उत्तर एकच: कॉम्प्रेसर बदला.

मग कडा गावच्या मेकॅनिकना बोलावलं. त्यांनी गॅसचा दाब मोजायचं गेज लावायच्या आधी नळीवरून हात फिरवत नेला आणि थांबले. व्हॉल्व्हला नळीचं तापमान कळवणारा बोटाएवढा बल्ब नळीच्या खालच्या अंगाला नुसत्या चिकटपट्टीनं बांधलेला, वर काही गुंडाळलेलं नाही, त्यात कंडेन्सरच्या पंख्याची गरम हवा थेट त्याच्यावर.

"ताई, व्हॉल्व्हला डोळे नसतेत. बल्ब सांगल तेवढाच गॅस त्यो सोडतो."

बल्ब गरम हवा खात होता, म्हणून व्हॉल्व्ह जास्त उघडत होता, आणि न उकळलेला पातळ गॅस तसाच कॉम्प्रेसरमध्ये. तिथं वाफच जायला पाहिजे, पातळ गेला की आतले भाग मोडतात. शिवाय नळीच्या तळातून कॉम्प्रेसरचं तेल वाहतं, त्यामुळं खालून खरं तापमान कळत नाही.

त्यांनी नळी पॉलिश पेपरनं तांब्यासारखी लख्ख घासली. आमची नळी पाच सुताची, म्हणून बल्ब वरच्या अंगाला. सात सूत किंवा त्याहून जाड असती तर घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी बसवला असता, म्हणाले. जागा आडव्या सरळ नळीवरची, जोडापासून लांब. तांब्याच्या दोन पट्ट्यांनी आवळला, वर काळा फोम गुंडाळला. सक्शनचा दाब व्हॉल्व्हला कळवणारी इक्वलायझरची बारीक नळी बल्बच्या पुढं, कॉम्प्रेसरकडं आहे का तेही बघितलं. ती बरोबर होती.

मग गेज आणि थर्मामीटर. सुपरहीट, म्हणजे गॅसची वाफ झाल्यावर ती आणखी किती अंश तापली ते, आधी जवळजवळ शून्य असणार, आता चार अंश. व्हॉल्व्हचा स्क्रू पाव फेराच फिरवला आणि वीस मिनिटं गप बसून राहिले. मला घाई होती, त्यांना नव्हती. सहा अंशावर आलं तेव्हाच हत्यारं गोळा केली. बर्फ उतरला, खडखड थांबली. संध्याकाळचं दूध तीन तासांत चार अंशाला.

घेतले आठशे रुपये आणि पेट्रोल. कॉम्प्रेसर तोच आहे, अजून चालतोय. तक्रार एवढीच की फोन केल्यावर चौथ्या दिवशी आले, आणि दुसऱ्यांदा परत आलेलं दूध त्याच चार दिवसांतलं. तरी बीड रोडच्या केंद्रावरचा कूलर दिवाळीनंतर त्यांनाच दाखवणार आहे.