सड्यावरची नवी जात सापडली. पेपर पाठवायचा कुठे?

ऑक्टोबर सरत आला की एकदोघांचे फोन ठरलेले. "सर, सड्यावरचा गेंद आहे, कशाशीच जुळत नाही. कुठं टाकू?" माझा उलट प्रश्नही ठरलेला: पिकलेलं बी हाताशी आहे का? सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळ पठारावरच्या, गेंदाच्या (एरिओकॉलॉन या वनस्पतीच्या) जाती वेगळ्या करताना बियांचा पृष्ठभाग पाहावाच लागतो. बी कोवळं असेल तर जर्नलची चर्चा पुढच्या पावसाळ्यापर्यंत तहकूब. (वर्तमानपत्रं 'नवी प्रजाती' लिहितात. परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. मी इथे जातीबद्दल बोलतोय.)

बी आहे, तुलना झाली आहे, गुरुजनांनी मान डोलावली आहे, असं धरू. मग बोलण्यात चार नावं येतात: न्यूझीलंडमधलं फायटोटॅक्सा, कोइमतूरचं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा (सगळे त्याला जॉट म्हणतात), बल्गेरियातलं फायटोकीज आणि केरळचं ऱ्हीडिया. पाचवं आपल्या मुंबईचं, बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं.

पण आधी एक गोष्ट. नाव वैध ठरतं ते जर्नलच्या प्रतिष्ठेमुळे नाही. ते ठरतं वनस्पती-नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने. वर्णन किंवा निदान (जवळच्या जातींहून वेगळेपण सांगणारा मजकूर) लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत हवं. २०१२ पूर्वी लॅटिनच लागायचं. एक होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलेलं असतं तो एकमेव नमुना, ठरवलेला हवा आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात) ठेवलाय हे पेपरात छापलेलं हवं. हर्बेरियमचं नाव छापणं १९९० पासून सक्तीचं आहे. जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर पीडीएफ आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन लागतो, तीही सोय २०१२ पासूनची. आणखी काही अटी आहेत, पण त्यांत 'पेपर तज्ज्ञांनी तपासलेला असावा' ही अट कुठेही नाही.

इथेच आपल्या विषयाचं दुखणं आहे. इतर शाखांत बोगस जर्नलमधला पेपर फार तर कुणी वाचत नाही. इथे मात्र पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या दुकानातही नियमांपुरतं सगळं जुळलं तर नाव लागतं, आणि लागलेलं नाव मागे घेता येत नाही. जात जुनीच निघाली तर ते नाव पर्यायी नावांच्या यादीत कायमचं चिकटतं. पुढचा प्रत्येक अभ्यासक त्याचा होलोटाइप शोधत हर्बेरियमच्या कपाटांपुढे उभा राहतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, नाकारला गेलेला पेपर परवडला, न तपासता छापलेला नको.

पूर्वी यादी पाहून मोकळं होता यायचं. यूजीसीने २०१८ च्या मे महिन्यात आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली, मग केअर यादी, म्हणजे यूजीसीचीच मान्य जर्नलांची नवी यादी, आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता विद्यापीठं आपापले निकष लावतात. प्रबंध सादर करण्याआधी पेपर हवाच ही अट यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली असली तरी विद्यापीठाची अट वेगळी असू शकते. तेव्हा जर्नल निवडण्याआधी पीएच.डी. विभागातल्या लेखनिकाला भेटून लेखी निकष मागून घ्या. तोंडी 'चालतं हो सर' यावर विसंबू नका.

आता फायटोटॅक्सा. हे झूटॅक्साचं धाकटं भावंड. झूटॅक्सा २००१ चं, फायटोटॅक्सा २००९ चं. सह्याद्रीतल्या माणसांना ते चांगलं ओळखीचं आहे. विशाळगडावरची सेरोपेजिया शिवरायिआना, म्हणजे शिवरायांचं नाव मिळालेलं कंदीलपुष्प, २०२३ मध्ये इथेच प्रसिद्ध झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २०२० च्या सुमारास गेंदाच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या, एक सिंधुदुर्गातली आणि एक कर्नाटकातल्या कुमट्याची. त्यांचे पेपर फायटोटॅक्सा आणि फिनलंडचं अन्नालेस बोटानिसी फेन्निसी या दोन जर्नलांत आले.

फायटोटॅक्साचं बलस्थान म्हणजे संपादक. कुळानुसार, गटानुसार संपादक वाटलेले आहेत, त्यामुळे तुमचा पेपर बहुधा त्या कुळात हयात घालवलेल्या माणसासमोर जातो. तो सौम्य शब्दांत चिरफाड करतो आणि ती तुमच्या भल्याची असते. नेहमीच्या मार्गाने छापायला लेखकाला पैसे पडत नाहीत. पण मग वाचकाला पडतात. तालुक्याच्या कॉलेजातल्या मास्तराला स्वतःच्या डोंगरावरच्या झाडाचा पेपर उघडता येत नाही, लेखकाला मेल टाकून पीडीएफ मागावा लागतो. खुला ठेवायचा तर लेखकाने शुल्क भरायचं.

इम्पॅक्ट फॅक्टरच्या (जर्नलमधल्या पेपरांचे सरासरी किती संदर्भ दिले जातात त्या आकड्याच्या) मोहात असलेल्यांना एक किस्सा सांगावासा वाटतो. २०२० च्या जूनमध्ये झूटॅक्साचा इम्पॅक्ट फॅक्टर काढून घेतला गेला. कारण काय, तर जर्नलमधले पेपर त्याच जर्नलमधल्या पेपरांचे फार संदर्भ देतात. वर्गीकरणात दुसरं होणार तरी काय? जुन्या जाती जिथे छापल्या तिथलेच संदर्भ द्यावे लागतात. जगभरच्या वर्गीकरणवाल्यांनी ओरड केली आणि महिन्याभरात तो परत मिळाला. तो आकडा आपल्या कामाबद्दल किती सांगतो ते यावरून समजावं.

जॉटची तऱ्हा वेगळी. १९९९ पासून झूज प्रिंट जर्नल म्हणून चाललेलं ते २००९ मध्ये या नावाने आलं. दर महिन्याच्या २६ तारखेला अंक निघतो. वाचणं फुकट, आणि छापण्याचं शुल्क नाही हीच त्याची ओळख आहे. तरी पाठवताना त्यांच्या संकेतस्थळावरची त्या दिवशीची अट वाचून घ्यावी. पेपराच्या पहिल्या पानावर संपादकाचं नाव छापतात, त्याने गुप्तता मागितली नसेल तर. मला ही पद्धत आवडते, कारण कुणी पाहिलं आणि कुणी जबाबदारी घेतली हे वाचकाला कळतं. आणखी एक गोष्ट आपल्यासाठी मोलाची: इंग्रजी गोषवाऱ्यासोबत स्थानिक भाषेतला गोषवाराही ते छापतात. मराठी गोषवारा असलेले पेपर मी त्यात वाचले आहेत. ज्या वनरक्षकाने तुम्हाला सड्याची वाट दाखवली त्याला तो वाचून दाखवता येतो.

जॉटचा कल संवर्धनाकडे आहे. जात कुठे, किती, कशाने धोक्यात, हे नीट मांडलेलं त्यांना हवं असतं. फक्त चार केसांच्या फरकावर उभी असलेली जात असेल आणि वाद सूक्ष्म असेल, तर त्या कुळाचा मुरलेला माणूस जिथे नक्की भेटेल असं जर्नल मी निवडेन.

फायटोकीज २०१० पासून, सोफियातल्या पेन्सॉफ्ट प्रकाशनाचं. सगळं खुलं, देखणं, वेगवान. नावाची नोंद आंतरराष्ट्रीय सूचीत ते स्वतः करून घेतात, आकृत्या आणि नमुन्यांची माहिती जागतिक विदासाठ्यांत आपसूक जाते. कामाची शिस्त पाहिली तर चौघांत हेच पुढे. पण शुल्क शेकडो युरोंत. प्रकल्पाच्या मंजूर अंदाजपत्रकात 'प्रकाशन खर्च' असा रकाना असेल तर जरूर पाठवा. पगारातून भरून नाही. माझ्या ओळखीच्या एका सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, प्राध्यापकाने उसनवार करून एका खुल्या जर्नलचं शुल्क भरलं होतं. त्या पेपराचं नाव निघालं की तो अजून हिशेबच सांगतो, झाडाबद्दल बोलत नाही.

ऱ्हीडिया हे भारतीय सपुष्प वनस्पती वर्गीकरणवाल्यांच्या संघटनेचं, १९९१ पासूनचं. नाव हॉर्टस मलबारिकस या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथामागच्या डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडेवरून घेतलेलं. पश्चिम घाटाच्या वनस्पती हा इथल्या परीक्षकांच्या रोजच्या जेवणातला पदार्थ. परदेशी परीक्षक ज्या जुन्या फ्लोराचं (एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या ग्रंथाचं) नावही ऐकून नसतो, तो ग्रंथ इथल्या परीक्षकाच्या हाताखालीच असतो. पहिला पेपर लिहिणाऱ्याला मी हेच सुचवतो.

बीएनएचएसच्या जर्नलचा पहिला अंक १८८६ चा. साताऱ्याच्या कास पठारावरचा वायतुरा, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, १९८० च्या दशकात याच जर्नलमधून जगापुढे आला. भावनेने पाहिलं तर माझा कौल इकडेच.

वेगाचा मुद्दा राहिला. संहितेत अग्रक्रम आधी प्रसिद्ध होणाऱ्या नावाला. एकाच सड्यावर दोन गट फिरत असतील (आणि आंबोली-चोर्ल्याला ते फिरतातच) तर महिने मोजावे लागतात. पण घाईत दोन चुका हमखास होतात. पहिली, नव्या नावासकट प्रीप्रिंट, म्हणजे तपासणीआधीचा पेपर, इंटरनेटवर टाकणं. नाव त्याने लागत नाही, जगाला मात्र कळतं. दुसरी, पेपर येण्याआधी पत्रकाराला नाव सांगणं. १९५३ पासून वर्तमानपत्रात छापून आलेलं नाव संहितेच्या दृष्टीने प्रसिद्ध झालेलं नसतंच. फोटो छापून येतो, गावात सत्कार होतो, आणि नाव हवेतच.

हस्तलिखिताच्या तयारीत जर्नलनुसार बदलतं ते थोडं: संदर्भांची धाटणी, आकृत्यांचं मोजमाप, शीर्षकांची रचना. यासाठी त्याच जर्नलमधला, त्याच कुळातला, गेल्या वर्षभरातला पेपर समोर ठेवून त्याच्या चालीने लिहावं. लेखकांसाठीच्या सूचना दहा वेळा वाचण्यापेक्षा हे बरं. न बदलणारा भाग मोठा आहे आणि पेपर परत येतात ते त्याच्यामुळे.

माझा पहिला पेपर परत आला तो दोन आकड्यांमुळे. मजकुरात होलोटाइपचा संकलन क्रमांक २१४, हर्बेरियम शीटच्या फोटोत २४१. वहीत मी २१४ लिहिलं होतं, चिठ्ठी चिकटवताना हात फिरला. परीक्षकाने बाकी सगळं सोडून तेवढंच विचारलं: खरा कोणता? पुन्हा पुण्याला जाऊन, शीट बाहेर काढून, तारीख, ठिकाण, संकलकाचं नाव ताडून पाहावं लागलं. तेव्हापासून पेपर पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी मी एकच काम करतो. डाव्या हाताला शीटचा फोटो, उजव्या हाताला मजकूर. कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावायचं. बायकोने आतापर्यंत तीन चुका पकडल्या आहेत, वनस्पतिशास्त्राचा गंध नसताना.

होलोटाइप पेपर पाठवण्यापूर्वीच जमा करा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र आणि आघारकर संस्था, मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. पर्याय भरपूर आहेत. 'जमा करण्यात येईल' असं लिहून पाठवलेला पेपर आणि कपाटात पडून राहिलेली शीट या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत. आयसोटाइप (होलोटाइपचाच जोडनमुना) दुसऱ्या गावच्या हर्बेरियमला द्या; आग, वाळवी, पूर सांगून येत नाहीत. वनखात्याच्या परवानगीचा क्रमांक आभारात लिहा, अभयारण्यातला नमुना असेल तर तो मागतातच. आणि कंद उकरून विकला जाईल अशी वनस्पती असेल, कंदीलपुष्पासारखी, तर नकाशावर तालुका दाखवा, अक्षांश-रेखांशाचे सेकंद छापू नका. संपादकाला कारण कळवलं की तो ऐकतो.

मग निवड कशी करायची? पीएच.डी.चा विद्यार्थी, मार्गदर्शक तगडा, कूळ वादाचं: फायटोटॅक्सा. पहिलाच पेपर, पश्चिम घाटातली जात, जवळच्या जातींचं जुनं भारतीय वाङ्मय महत्त्वाचं: ऱ्हीडिया. अधिवासावर खाण किंवा पवनचक्क्या येऊ घातल्यात आणि पेपर उद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवायचा आहे: जॉट, कारण कुणालाही उघडता आला पाहिजे. प्रकल्पात पैसे आहेत आणि वेळ नाही: फायटोकीज.

माझ्या टेबलावर सध्या एक गेंद आहे, राधानगरीकडचा. बी पिकलंय, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोंची वाट पाहतोय. पवनचक्क्यांसाठी त्या सड्यावर मोजणी सुरू झाल्याचं परवाच कळलं, म्हणून हा कोइमतूरला जाणार. मराठी गोषवारा लिहून झालाय, इंग्रजी अजून बाकी आहे.