जयपूर फूट: शेतकऱ्याच्या पायात वापरून पाहिलेला

मधुमेहामुळे आमच्या अण्णांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जखम भरली, टाके निघाले आणि मग घरात एकच विषय सुरू झाला, पाय कुठला बसवायचा? एका दुकानात परदेशी बनावटीचा पाय दाखवला. देखणा होता, किंमत लाखात. अण्णांनी दोनच गोष्टी विचारल्या. "हा घालून उकिडवं बसता येईल का? चिखलात चालेल का?" दोन्हीला नकार आला. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी करणाऱ्या माणसानं तो पाय घेऊन काय करायचं?

म्हणून आम्ही जयपूरला मालवीय नगरात, भगवान महावीर विकलांग सहायता समितीच्या केंद्रात गेलो. तिथे जयपूर फूट नावाचा कृत्रिम पाय फुकट मिळतो हे ऐकून होतो. फुकट म्हटलं की रांगा, चिठ्ठ्या, ओळखीचा माणूस शोधणं आलंच, अशी माझी तयारी होती. तसलं काही झालं नाही. तिथे दिवसा-रात्री कधीही आलेल्याला आत घेतात, राहण्या-जेवणाची सोय असते आणि पैसे कुणी मागत नाही. अण्णांच्या स्टंपवर, म्हणजे कापून उरलेल्या पायाच्या भागावर, प्लास्टरचा साचा घेणाऱ्या कारागिरानं स्वतःच्या पँटचा पाय वर करून दाखवला, त्याचाही पाय तोच. तिथले बरेच कारागीर असेच आहेत. आमच्या सगळ्या समजावण्यानं जे झालं नव्हतं ते तेवढ्यानं झालं. अण्णा ऑपरेशननंतर पहिल्यांदा मोकळेपणी बोलायला लागले, तेही मोडक्यातोडक्या हिंदीत.

साच्यावरून प्लास्टरचा ठोकळा बनवतात. पाण्याच्या लाइनीला वापरतात तसला एचडीपीई या कडक प्लास्टिकचा पाइप भट्टीत मऊ करून त्यावर ओढतात, तो थंड झाला की नडगीचा भाग तयार. खाली पाऊल जोडतात. खरी करामत या पावलात आहे. जुन्या परदेशी पावलात आत कडक लाकडी कणा असायचा आणि वरून बूट घालावाच लागायचा. जयपूरच्या पावलात टाचेला आणि चवड्याला स्पंजी रबर, घोट्याशी लाकडाचा ठोकळा, वरून टायरसारख्या रबराचं कातडं, आणि हे सगळं साच्यात घालून एकत्र भाजलेलं. त्यामुळे पाऊल घोट्याशी वाकतं, थोडं वळतंही, आणि अनवाणी चालता येतं. १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात हे पाऊल घडलं, ते मास्टरजी रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातातून आणि डॉ. प्रमोद करण सेठी व त्यांच्या सहकारी डॉक्टरांच्या शास्त्रातून. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव मात्र आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

चांगली वस्तू तयार झाली म्हणजे ती गरजूपर्यंत पोचतेच असं नाही. ते काम पुढे डी. आर. मेहता यांनी केलं. सनदी अधिकारी, पुढे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे अध्यक्ष. १९६९ मध्ये अपघातात त्यांचा स्वतःचाच पाय जायच्या बेतात होता. १९७५ मध्ये त्यांनी ही समिती काढली. कृत्रिम पाय, कॅलिपर (अधू पायाला आधार देणारा सांगाडा), कुबड्या, तीनचाकी असं सगळं धरून आजवर वीस लाखांहून अधिक लोकांना तिथून मदत मिळाली आहे. देणग्या आणि सरकारी अनुदान यांवर हे चालतं.

आमच्या भागात दुसऱ्या एका ठिकाणचं शिबिर मी पाहिलं होतं. स्टेज, बॅनर, आणि पाय हातात धरून फोटो काढेपर्यंत ताटकळलेली माणसं. मदत तीही होती, पण घेणाऱ्याची मान खाली होती. जयपुरात अण्णांना कुणी फोटोसाठी उभं केलं नाही. आले, माप दिलं, पाय घालून चालत बाहेर पडले. दान असं द्यावं.

आता वापराबद्दल. जयपूर फूट म्हटलं की सगळे हा पाय बसवून पुन्हा नाचलेल्या सुधा चंद्रन यांच्या नृत्याबद्दल बोलतात, आणि ते आहेच अभिमानाचं. अण्णांची परीक्षा बांधावर होती. ते बांधावर उकिडवे बसतात, पंगतीत मांडी घालतात, भिजल्या रानातून येऊन पाय नळाखाली धुतात. पंढरपुरात चपला बाहेर काढून देवळात जातात, कुणी थांबवत नाही, कुणी वळून बघत नाही.

उणिवाही सांगते. उन्हाळ्यात प्लास्टिकच्या आत घाम साचतो आणि कातडी लाल होते. मधुमेह्याला घासलेलं कळत नाही, म्हणून रोज रात्री मी टॉर्च घेऊन स्टंप आणि दुसरा तळवा दोन्ही बघते. ऑपरेशननंतरच्या महिन्यांत स्टंप बारीक होत जातो, मग पाय सैल पडतो. आधी जास्तीचे मोजे घालून भागवलं, नंतर वरचा भाग नवा करून घ्यावाच लागला. रबरही झिजतं, हा पाय जन्मभराचा नव्हे. गुडघ्यावरून पाय गेलेल्यांसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मदतीनं बनवलेला स्वस्त गुडघाही समितीकडे आहे, पण त्याचा अनुभव आमच्याकडे नाही.

जायचं असेल तर जखम पूर्ण भरू द्या, सूज उतरू द्या, डॉक्टरांचे कागद बरोबर घ्या. देशात समितीची इतरही केंद्रं आहेत, जवळचं कुठलं ते आधी फोन करून विचारा. निघण्यापूर्वी काही आठवडे गुडघा सरळ करण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करा. गुडघा आखडला असेल तर कितीही चांगला पाय मिळाला तरी नीट चालता येत नाही. आणि सुती मोजे भरपूर घ्या, दिवसातून दोनदा तरी बदलावे लागतात.