कोंबडीच्या पायाची खरूज आणि मेडिकलमधली साधी पेट्रोलियम जेली

परसातल्या कोंबडीचे पाय खडबडीत, पांढुरके दिसायला लागले की 'म्हातारी झाली' म्हणून लोक सोडून देतात. तिला हातात घेऊन नीट बघा. चांगल्या पायावरचे खवले कौलांसारखे एकावर एक चपटे बसलेले असतात. खरजेत ते कडेने उचलले जातात आणि खाली खडूच्या भुकटीसारखा पापुद्रा साचतो. हे काम निमिडोकॉप्टिस म्युटन्स या किडीचं. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, खवल्याखाली बीळ करते आणि सगळा जन्म कोंबडीच्या पायातच काढते. म्हणून खुराड्यात पावडर मारून काही साधत नाही.

इथे बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली खरंच कामाची आहे. दाट थरामुळे किडीची हवा कोंडते आणि पापुद्रा मऊ पडून सुटतो. खोबरेल तेलही चालतं, पण ते लवकर ओघळतं आणि मातीत पुसलं जातं. जेली जास्त टिकते.

फरक पडतो तो लावण्याच्या पद्धतीने. कोंबडी दांडीवर बसली की संध्याकाळी अलगद उचला. कोमट साबणाच्या पाण्यात पाय पाच ते दहा मिनिटं बुडवा, मग जुन्या मऊ टूथब्रशने वरून खाली घासा. सुटेल तेवढंच काढा. नखाने खवला उचकटला तर रक्त येतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात. पाय अगदी कोरडा करा, ओल्यावर जेली धरत नाही. आता बोटाने खालून वर चोळा; कौलाच्या उलट दिशेने गेल्याशिवाय ती फटीत शिरत नाही. बोटांच्या मधली जागा विसरू नका.

दोन्ही पायांना मिळून सपाट चमचाभर, साधारण ५ ग्रॅम पुरते. पहिला आठवडा दिवसाआड, पुढचे तीन आठवडे आठवड्यातून दोनदा. १०० ग्रॅमची डबी दोन कोंबड्यांना होते. बहुतेकांचं इथेच चुकतं: पाय जरा बरे दिसले की आठवड्यात थांबतात, आणि खोलवर उरलेली कीड पुन्हा वाढते. एकीलाच लावणंही फुकट, कळपातल्या सगळ्यांना लावा. दांड्याही खरवडून गरम पाण्याने धुवा.

उणिवा आहेत. भुसा, माती चिकटते. ब्रह्मा, कोचीनसारख्या पायावर पिसं असलेल्या जातींत सगळं लडबडतं आणि वेळ दुप्पट जातो. खुडूक बसलेल्या कोंबडीला लावू नका. जेली अंड्याला लागली तर कवचाची छिद्रं बुजतात आणि आतलं पिल्लू गुदमरतं. आणि पाय लगेच सुंदर दिसणार नाहीत, नवे खवले यायला महिने लागतात.

रॉकेल किंवा डिझेल मात्र कधीही नको. त्याने कातडी भाजते. कोंबडी लंगडत असेल, बोटं सुजून वाकली असतील, तर जेलीवर विसंबू नका, पशुवैद्याकडे न्या. त्यांनी आयव्हरमेक्टिन हे कीड मारायचं औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्यांनाच विचारा.

घेताना सुवासिक किंवा मेंथॉलची नको. रुंद तोंडाची डबी घ्या, जेली चमच्याने काढा आणि पायाला लागलेलं बोट परत डबीत घालू नका.