पहिल्या बर्फासाठी घेतलेलं सामान: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या घरात त्याआधी कुणीच पडता बर्फ पाहिलेला नव्हता, त्यामुळे सहलीआधीची खरेदी बरीचशी धास्तीपोटी झाली. प्रत्येकाला थर्मल, पिसांचं जॅकेट, त्यावर चढवायला पातळ वॉटरप्रूफ जॅकेट, बूट, हातमोजे, लोकरीचे मोजे, कानटोपी, गॉगल. सहल होऊन आता काही महिने झालेत. तेव्हापासून हेच सामान पावसात, डोंगरात आणि रात्रीच्या गारठ्यातल्या प्रवासात वापरलंय. परत आल्या आल्या लिहिलं असतं तर सगळ्यालाच पाच तारे दिले असते.

आधी मुद्द्याचं सांगते. पैसे मोजायचे तर बूट आणि हातमोज्यांवर मोजा. जॅकेट निवडताना सगळे जिवाचं रान करतात, पण बर्फात अंगाला थंडी भरायच्या कितीतरी आधी हातपाय ओले होतात आणि तिथून सगळं बिनसतं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं शरीरातली उष्णता ओढून नेतं. आमची मुलं कोरडी होती तोवर शून्याखालच्या तापमानातही आत यायला तयार नव्हती. धाकटीचा मोजा भिजला आणि दहा मिनिटांत रडारड सुरू.

बुटांचा तळ वॉटरप्रूफ आहे की नाही हे सगळे बघतात. आमच्याकडे बर्फ शिरला तो वरून. घोट्यापाशी संपणारा बूट भुसभुशीत बर्फात निकामी ठरतो. पोटरीपर्यंत येणारा आणि वरून आवळता येणारा घ्या. माप थोडं सैलच हवं. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले की रक्त नीट फिरत नाही, ऊब धरणारी हवाही उरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. एक जाडसर लोकरीचा मोजा आम्हाला पुरला. खोल खाचांचा तळ ताज्या बर्फात छान पकड घेतो, पण काचेसारख्या गोठलेल्या वाटेवर त्याचा भरवसा धरू नका. तिथे बुटावर चढवायचे रबरी खिळेपट्टेच कामाला आले. सासूबाईंना ते घातल्यावरच धीर आला. काही महिन्यांनी एका जोडाचा तळ कडेनं सुटायला लागला. बाकीचे अजून ठणठणीत आहेत.

हातमोज्यांबाबत मी जरा हट्टीच झालेय. विणलेल्या लोकरी मोज्यांना बर्फाचे गोळे चिकटतात आणि अंगच्या उबेनं तिथेच वितळतात. लहान मुलांना चारही बोटं एकत्र राहतील असे वॉटरप्रूफ मोजेच घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. मनगटाचा भाग लांब असावा, म्हणजे तो बाहीवर ओढता येतो. मोठ्यांनी आत पातळ मोजे घालावेत. फोटो काढायला वरचा मोजा काढला तरी हात उघडा पडत नाही.

पहिल्या सकाळी मुलांची फार निराशा झाली होती. बर्फाचा गोळा काही केल्या वळेना! थंडी कडक असली की बर्फ कोरडा, पिठूळ असतो, कण एकमेकांना धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, पारा शून्याच्या आसपास आला आणि गोळे मस्त वळायला लागले. सामानाची खरी परीक्षा त्याच दुपारी झाली, कारण असा ओलसर बर्फ झटकला तरी जात नाही, कपड्यात मुरतो. रात्रभर बर्फ पडून गेल्यावर बाहेर एवढी शांतता होती की सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, माझ्या कानात दडे बसलेत की काय?’’ ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते, आवाज त्यात जिरून जातो.

गॉगल ही चैन समजू नका. ताजा बर्फ अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं. ह्यांची चक्क हनुवटीची खालची बाजू भाजली. सनस्क्रीन तिथे आणि नाकपुड्यांखालीही लावा.

आता ज्या जॅकेटवर सर्वांत जास्त खर्च झाला त्याबद्दल. पिसांचं जॅकेट कोरड्या थंडीत लाजवाब, वजनाला हलकं, पिशवीत मुठीएवढं होतं. पण भिजलं की पिसांच्या गुठळ्या होतात आणि ऊब गायब. धुणं म्हणजे एक प्रकरणच आहे: पिसांसाठीचा साबण, मग ड्रायरमध्ये मंद आचेवर टेनिसचे चेंडू टाकून कितीतरी वेळ सुकवणं. आता खांद्याच्या शिवणीतून पिसं डोकावतात. दमट हवेत राहणाऱ्यांनी सरळ कृत्रिम तंतू भरलेलं घ्यावं. जरा जड असतं, पण ओलं झालं तरी बरीच ऊब टिकवतं.

वरच्या पातळ जॅकेटवर सुरुवातीला थेंब घरंगळून जायचे. नंतरच्या पावसात कापड वरून भिजायला लागलं आणि आतही ओलसर वाटू लागलं, तेव्हा ते वाया गेलं असं घरात ठरलं होतं. प्रत्यक्षात पाणी अडवणारा आतला पातळ पडदा शाबूत होता. वरचा पाणी झटकणारा लेप मळला की कापड पाणी पितं, घामाची वाफ बाहेर पडत नाही आणि आपल्याला वाटतं गळतंय. सौम्य साबणानं धुऊन, मंद आचेवर सुकवल्यावर थेंब पुन्हा घरंगळू लागले. कापड मऊ करणारं द्रावण मात्र अजिबात वापरू नका.

सर्वांत जास्त वापर झाला तो थर्मलचा. पॉलिस्टरचे लवकर वाळतात पण वास धरतात. मेरिनो लोकरीचे वास धरत नाहीत पण कोपराला विरायला लागलेत. आत सुती बनियन घालू नका, सुती कापड घाम धरून ठेवतं. आणि फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

मुलांचे बूट आत्ताच अंगठ्याला टोचायला लागलेत. पुढच्या वेळी त्यांचे बूट आणि बाहेरची पँट भाड्यानं घेणार. हातमोजे मात्र स्वतःचे, आणि एक जादा जोड पिशवीत कोरडा.