फिनलंडचं शिक्षक एक्स्चेंज: ५ पैकी ३, आणि तो फ्लेमिंगो

मी बोरिवलीत विज्ञान शिकवते. २०२४ ला गणपतीच्या आधी एका संस्थेमार्फत पर्यावरण शिकवणाऱ्यांच्या एक्स्चेंजला आठ दिवस फिनलंडला जाऊन आले, मग ऑक्टोबरात तिकडचे चार शिक्षक इकडे आले. संस्थेचं नाव टाकत नाही, पण असल्या प्रोग्रामला पैसे भरणार असाल तर वाचा.

तिकडचं जंगल एक नंबर. पाऊस पडतोय आणि वर्ग बाहेरच, सात-आठ वर्षांची पोरं खऱ्या सुरीने काठ्या तासतायत, नियम एकच, खाली बसल्याशिवाय सुरी काढायची नाही. माझा जीव वरखाली! आमच्याकडे कंपासपेटीतलं करकटक टोचलं तरी पालक ऑफिसात हजर. परत आल्यावर ओले कपडे वाळवायला शाळेत गरम हवेचं कपाटच असतं (जुलैत आमच्या पोरांचे मोजे शाळा सुटेपर्यंत ओले). जंगलातल्या ब्लूबेरी कोणीही तोडून खायच्या, जमीन खाजगी असली तरी, तो तिथे सगळ्यांचा हक्कच आहे. मी सवयीने आधी मागे वळून गार्ड बघितला.

पण तीन दुपारी हॉलमध्ये स्लाइड्स बघण्यात गेल्या. जेवणात शाकाहारी म्हणजे उकडलेले बटाटे, ते चालतं.

खरा राग इकडच्या भागाचा. पत्रकावर ऐरोलीच्या खाडीतली बोट आणि फ्लेमिंगो. अहो, ऑक्टोबरात कुठले फ्लेमिंगो, ते साधारण नोव्हेंबरच्या पुढे येतात, आम्हाला एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं ना. पण संस्थेच्या लेखी आम्ही फक्त शिकायला आलेलो. फॉर्मवर आम्हाला प्रश्न 'काय शिकलात', पाहुण्यांना 'मुंबई कशी वाटली'.

खाडीवर पक्षी नाहीत म्हटल्यावर मी त्यांना चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली तिवराची श्वसनमुळं दाखवली, तिथे तासभर हलेनात. दुसऱ्या दिवशी नॅशनल पार्कात कान्हेरीच्या वाटेला कारवीची शेवटची शेवटची फुलं होती. आठ वर्षांतून एकदा फुलते, आधी २०१६ ला फुललेली. त्यातली एक बाई बोटांवर मोजत म्हणाली, म्हणजे पहिलीतल्या मुलीला दहावीपर्यंत बहुतेक एकदाच दिसणार? आणि तिथेच दगडावर बसून वहीत उतरवायला लागली. हे टाइमटेबलमध्ये नव्हतंच.

पुढच्या बॅचचं पत्रक आलंय. पाहुणे ऑगस्टात येणार आहेत, फोटो तोच फ्लेमिंगोचा.