सावत्र भाऊ, स्टेप की हाफ?

दादा अमेरिकेचा नागरिक. माझ्यासाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला तिकडे कायमचं बोलावण्यासाठीचा अर्ज भरतोय, म्हणून बाबांच्या जुन्या मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर पुण्यातल्या एका कार्यालयातून करून घेतलं. पाच पानांचे १,७५० रुपये, दोन दिवसांत हातात. टायपिंग स्वच्छ, शिक्का ठसठशीत, चहासुद्धा विचारला.

घरी येऊन वाचलं, तर दादा 'स्टेपब्रदर' झालेला! अहो, आमचे बाबा एकच. दादाची आई गेल्यावर त्यांनी माझ्या आईशी लग्न केलं. म्हणजे तो 'हाफ-ब्रदर'. 'स्टेप' कधी? आईबापांच्या दुसऱ्या लग्नामुळे जुळलेला, रक्ताचं नातं नसलेला. मराठीत दोघंही सावत्रच, घोळ तिथेच होतो. इकडे अर्जाला बाबांच्या दोन्ही लग्नांचे पुरावे जोडलेत, आणि भाषांतर म्हणतंय स्टेप!

परत गेले. काउंटरवरचे काका म्हणाले, "ताई, सावत्र म्हणजे स्टेपच, वीस वर्षं हेच लिहितोय." त्यांच्याच बिलाच्या पाठीमागे आमची वंशावळ काढून दाखवली. काका दोन मिनिटं बघत राहिले आणि निमूट दुरुस्त करून दिलं, पैसे न घेता. जाता जाता 'कझिन ब्रदर'चंही नुसतं 'कझिन' करून घेतलं. नणंद आणि जाऊ मात्र दोघी 'सिस्टर-इन-लॉ', त्याला इलाज नाही.

पाचपैकी तीन तारे. जन्मदाखल्यासाठी बिनधास्त जा. नात्यागोत्याचा कागद असेल तर शिक्का मारायच्या आधी तिथेच बसून वाचा. उजेड कमी आहे, चष्मा विसरू नका.