बिहेव की कंडक्ट?
भाची सोसायटीची नियमावली इंग्रजीत करत होती. ‘सभासदांनी सभ्यपणे वागावे’ इथे अडली. “मामा, बिहेव लिहू की कंडक्ट?”

मुळाकडे पाहिलं तर बिहेव अस्सल इंग्रजी घरातला. ‘बी’ हा जोर देणारा उपसर्ग, पुढे चक्क ‘हॅव’. 15व्या शतकातला अर्थ स्वतःला अमुक रीतीने धरणं, म्हणजे आपल्या ‘स्वतःला सांभाळ’च्या जवळपासचा. गंमत उच्चारात आहे. एकटा ‘हॅव’ रोजच्या घाईत आखडला, बिहेवमध्ये मात्र जुना लांब स्वर टिकून राहिला. कंडक्ट आला लॅटिनमधून: ‘एकत्र’ अधिक ‘नेणे’. एसटीतला कंडक्टर याच घराण्यातला.

वापरायला बिहेव सुटसुटीत. पोराला नुसतं ‘बिहेव!’ म्हटलं की ‘नीट वाग’ त्यात आलंच. कंडक्टला ‘स्वतःला’ आणि ‘सभ्यपणे’ अशी दोन शेपटं लागतात. शिवाय स्कूटरही विचित्र बिहेव करू शकते. तांब्याची तार कंडक्ट करते ती वीज, तिथे वागण्याचा प्रश्नच नाही.

सूर? बिहेवमध्ये थोडा आईचा आवाज आहे. सूचनाफलकावर तो साठीच्या सभासदाला टोचेल, आणि आमच्याकडे असे सभासद बरेच. निवडणुकीची आचारसंहितासुद्धा इंग्रजीत कंडक्टचीच.

तेव्हा नियमावली, करार, नोटीस असेल तर कंडक्ट. घर, वर्ग, मुलं, बिघडलेली यंत्रं यांच्यासाठी बिहेव. पार्किंगवरून भांडणाऱ्यांना काय लिहायचं, ते भाचीनं ठरवावं.